आई-वडिलांना टॅब्लेटवर स्वतःहून व्हिडिओ कॉल लावता यावा म्हणून

परगावी किंवा परदेशी राहणारी मुले आई-वडिलांना टॅब्लेट घेऊन देतात, दोन दिवस घाईघाईने शिकवतात आणि परत जातात. त्यानंतर बहुतेक घरांत एकच गोष्ट टिकते, ती म्हणजे आलेला कॉल उचलणे. स्वतःहून कॉल लावणे राहून जाते आणि मग तिकडचे माणूस मोकळे होईपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती उरते. पुढे सांगितलेली सगळी तयारी आणि शिकवण्याची पद्धत एकाच उद्देशाने मांडली आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, घरात दुसरे कोणी नसताना, मनात येईल तेव्हा स्वतःच्या हाताने कॉल लावता आला पाहिजे. उदाहरणादाखल सांगली, सातारा किंवा डोंबिवलीतले एखादे घर डोळ्यांपुढे धरले आहे, जिथे ब्रॉडबँडची जोडणी आहे, आई-वडील दोघेच राहतात आणि मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते.

ॲप कोणते आणि टॅब्लेट कोणता

ॲपची निवड त्याच्या गुणांवरून करू नये; घरातली आणि नात्यातली माणसे आधीपासून जे वापरतात, तेच घ्यावे. मराठी घरांत ते बहुधा व्हॉट्सॲप असते. अँड्रॉइड टॅब्लेटवर ते 2023 पासून आणि आयपॅडवर 2025 पासून नीट चालते. फोनवर जे खाते आहे तेच टॅब्लेटला जोडता येते, त्यामुळे नवा नंबर लागत नाही. जोडण्यासाठी टॅब्लेटवर व्हॉट्सॲप उघडून पडद्यावर येणारा क्यूआर कोड आईच्या किंवा वडिलांच्या फोनमधील व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या भागातून स्कॅन करावा. त्यानंतर फोन बंद असला तरी टॅब्लेट चालतो. मात्र फोनवरचे व्हॉट्सॲप 14 दिवसांहून अधिक काळ उघडलेच गेले नाही, तर टॅब्लेटची जोडणी आपोआप तुटते. टॅब्लेट आवडू लागला की फोन कपाटात पडून राहतो आणि काही आठवड्यांनी ‘टॅब्लेट बिघडला’ अशी तक्रार येते, तिचे मूळ अनेकदा इथेच असते. फोनवरही रोज एखादा निरोप पाहण्याची सवय ठेवायला सांगावे.

सगळ्या कुटुंबाकडे ॲपलचीच उपकरणे असतील तर फेसटाइम अधिक सोपे पडते, कारण ते ई-मेलच्या पत्त्यावरही चालते. गूगल मीटनेही काम भागते. पण एका टॅब्लेटवर कॉलसाठी दोन ॲप ठेवू नयेत. थोरल्यासाठी हे, धाकट्यासाठी ते, अशी विभागणी तरुणांना सहज जमते. शिकणाऱ्या माणसाचा मात्र प्रत्येक वेळी पहिल्याच पायरीवर गोंधळ होतो. यात तडजोड मुलांनी करावी.

टॅब्लेट दहा-अकरा इंचांचा घ्यावा. असा टॅब्लेट साधारण अर्धा किलोचा असतो आणि तो हातात धरून बोलणे वयस्कर मनगटाला झेपत नाही, म्हणून जड बुडाचा स्टँड त्याच्याबरोबरच घ्यावा. गावाकडे ब्रॉडबँड भरवशाचे नसेल तर सिमकार्डची सोय असलेला टॅब्लेट घ्यावा. घरातला जुना टॅब्लेट द्यायचा विचार असेल, तर त्यावर हवे ते ॲप अजून चालते का आणि बॅटरी तासभर टिकते का, हे आधी तपासावे. नाहीतर यंत्राचे दोष शिकणाऱ्याच्या माथी मारले जातात.

हातात देण्याआधीची तयारी

ही तयारी एका बैठकीत, शांतपणे आणि ज्येष्ठांच्या अपरोक्ष करावी. ‘सेटिंग’ नावाच्या जंगलात त्यांना पहिल्याच दिवशी फिरवून आणण्याने काहीही साधत नाही.

सर्वप्रथम भाषा. अँड्रॉइडवर सगळा पडदा मराठीत करता येतो आणि ज्यांना मराठी वाचणे सोपे जाते त्यांच्यासाठी तो तसा करावाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उद्या फोनवरून ‘ते सेटिंग्जमध्ये जा’ असे सांगणाऱ्या मुलीला मराठी पडद्यावर काय लिहिलेले असते हे माहीत नसेल, तर दोघीही वैतागतील. तेव्हा मदत करणाऱ्यानेही आपला एखादा फोन मराठीत करून ते शब्द पाहून ठेवावेत.

अक्षरांचा आकार वाढवताना तो थेट कमाल पातळीवर नेऊ नये. सर्वांत मोठ्या आकारात नावे अर्धवट दिसू लागतात आणि कधी कधी बटणेच पडद्याबाहेर जातात. एकेक पायरी वाढवत जाऊन प्रत्येक वेळी कॉलचा पडदा उघडून पाहावा.

आता बोटांविषयी. वयोमानानुसार त्वचा कोरडी होते, आणि टॅब्लेटचा पडदा बोटातून मिळणाऱ्या सूक्ष्म विद्युत बदलावर चालत असल्यामुळे कोरड्या बोटाचा स्पर्श त्याला कधी कळतो, कधी कळत नाही. मग ‘लागत नाही’ म्हणून माणूस बोट जोरात आणि जास्त वेळ दाबून धरतो. टॅब्लेट याचा वेगळाच अर्थ घेतो. चिन्ह हलू लागते, जागेवरून सरकते किंवा ते काढून टाकायचे का, असे विचारले जाते. म्हणजे एकाच बोटाच्या दोन अडचणी एकमेकींना वाढवत जातात. यावर तीन उपाय आहेत. कॉलआधी हाताला थोडे मलम किंवा खोबरेल चोळून पुसून घ्यावे. अँड्रॉइडच्या सुलभता विभागात ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा’ अवधी सर्वांत जास्त ठेवावा. आणि तरीही जमत नसेल तर रबरी टोकाची साधी लेखणी आणून द्यावी. हात थरथरत असेल तर ही लेखणी पहिल्या दिवसापासून द्यावी.

बोटाचा ठसा वापरून कुलूप उघडण्याची सोय शक्यतो टाळावी. रेशन दुकानात ठसा जुळत नाही म्हणून ताटकळणारी वयस्कर माणसे आपण पाहतो. झिजलेल्या रेषांची तीच अडचण इथेही येते. टॅब्लेट घराबाहेर जाणार नसेल आणि त्यावर बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे कोणतेही ॲप नसेल, तर केवळ सरकवून उघडणारा पडदा ठेवायला हरकत नाही. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. बोलण्याचा टॅब्लेट आणि पैशांचा फोन हे वेगळेच असावेत.

पडद्याच्या तळाशी मागे जाणे, मुख्य पडदा आणि अलीकडची ॲप यांसाठी तीन बटणे ठेवण्याचा पर्याय बहुतेक अँड्रॉइड टॅब्लेटवर असतो, तो निवडावा. कडेवरून बोट ओढण्याची नवी पद्धत दिसायला सुटसुटीत असली तरी तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते लक्षात ठेवणे कठीण असते. मुख्य पडद्यावर व्हॉट्सॲप आणि फार तर कॅलेंडर, छायाचित्रे एवढेच ठेवावे.

कॉल वाजतच नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. टॅब्लेट बराच वेळ न वापरता पडून असला की बॅटरी वाचवण्यासाठी तो ॲपला झोपवून टाकतो. म्हणून बॅटरीच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपवरील बंधन काढून टाकावे, ‘व्यत्यय आणू नका’ ही सोय बंद आहे ना ते पाहावे आणि रिंगचा आवाज पूर्ण वाढवावा. रिंग कर्कश नसावी, पण ओळखीची असावी आणि घरातल्या फोनच्या रिंगपेक्षा वेगळी असावी. फोन आणि टॅब्लेट दोन्ही जोडलेले असल्यामुळे दोन्ही वाजतात. त्यांपैकी एक उचलला की दुसरा आपोआप थांबतो, हेही सांगून ठेवावे, नाहीतर दोन वेगवेगळे कॉल आल्यासारखे वाटते.

व्हॉट्सॲपमध्ये ज्यांना कॉल करायचे त्या तीन माणसांची संभाषणे पिन करून वर ठेवावीत. नावे कागदोपत्री नकोत. आई ज्या नावाने हाक मारते तेच नाव असावे. त्या नावाशेजारी दिसणारे छायाचित्र समोरच्या व्यक्तीने लावलेले असते, तेव्हा मुलांनी आपल्या खात्यावर डोंगर, सूर्यास्त किंवा सुविचार न लावता स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसेल असे छायाचित्र लावावे. छायाचित्रे आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी, कारण सुप्रभातच्या फुलांनी आणि देवांच्या चित्रांनी टॅब्लेटची जागा पाहता पाहता भरते आणि मग सगळेच मंदावते. शेवटी आपण स्वतः एक कॉल लावून पाहावा. कॅमेरा आणि माइक वापरण्याची परवानगी टॅब्लेट पहिल्याच कॉलला मागतो, आणि तिथे चुकून ‘नाही’ दाबले गेले तर पुढचे सारे कॉल मुके किंवा आंधळे होतात.

बसण्याची जागा

टॅब्लेटला घरात एक कायमची जागा असावी, टीव्हीला असते तशी. जागा निवडताना आधी तिथे वाय-फाय पोचते का ते पाहावे. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि फ्लॅटमधली लोखंडी कपाटे सिग्नल चांगलाच अडवतात, आणि राउटरचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपलीकडे 2.4 गिगाहर्ट्झचाच अधिक पोचतो. ही परीक्षा दुपारी न घेता रात्री आठ-नऊच्या सुमारास घ्यावी, कारण सगळी इमारत त्याच वेळी इंटरनेटवर असते. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा. टॅब्लेटला बॅटरी असते, राउटरला नसते. वीज गेली की कॉल तुटतो तो त्यामुळे.

खिडकी पाठीमागे असेल तर तिकडे फक्त काळी आकृती दिसते, म्हणून खिडकी किंवा दिवा तोंडासमोर यावा. पण मोतीबिंदू असेल वा नुकताच काढला असेल, तर समोरचा तीव्र उजेड डोळ्यांना खुपतो. अशा वेळी खिडकीला काटकोनात बसवावे आणि पडद्याचा उजेड स्वयंचलित न ठेवता हाताने ठरवावा.

कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत असावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. दुहेरी भिंगाचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना तो लागू पडत नाही. जवळचे दिसण्याची काच चष्म्याच्या खालच्या भागात असते, त्यामुळे टॅब्लेट डोळ्यांच्या उंचीवर ठेवला की माणूस हनुवटी वर करून, मान मागे टाकून पाहू लागतो आणि दहा मिनिटांत मान दुखते. तिकडे मुलीला मात्र फक्त नाकपुड्या दिसतात. त्यांच्यासाठी टॅब्लेट छातीच्या उंचीवर, किंचित मागे कललेला आणि हाताच्या अंतराहून थोडा जवळ असावा. चेहरा जरा खालून दिसला तरी चालेल. समोरचे नीट दिसणे जास्त महत्त्वाचे आहे.

वयानुसार कानाची उंच स्वर ऐकण्याची शक्ती आधी कमी होते. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने त्यामुळे पुसट होतात. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, असे वडील म्हणतात ते याच कारणाने, आणि नुसता आवाज वाढवून ते सुधारत नाही. तारेचे हेडफोन किंवा पडद्याजवळ ठेवलेला छोटा स्पीकर यांनी बराच फरक पडतो. ब्लूटूथ असलेले श्रवणयंत्र थेट टॅब्लेटला जोडता येते का, हे ते बसवणाऱ्याकडून विचारून घ्यावे. पंखा आणि टीव्ही बंद ठेवावेत. तिकडच्या माणसानेही ओरडू नये. तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून सावकाश बोलावे, म्हणजे ओठ वाचता येतात.

शिकवणे

शिकवताना पाळायचा एकच कठोर नियम आहे : टॅब्लेटला शिकवणाऱ्याचे बोट लागता कामा नये. ‘थांब, मी दाखवतो’ म्हणून आपण चटकन तीन बटणे दाबतो तेव्हा आपला वेळ वाचतो, शिकणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. आपले हात पाठीमागे बांधून बसावे आणि तोंडाने सांगावे. शिकवणारा मुलगाच असला पाहिजे असेही नाही. पुष्कळ घरांत दहा-बारा वर्षांची नात हे काम अधिक धीराने करते, आणि तिच्यापुढे चुकण्याचा संकोच आजोबांना वाटत नाही.

पहिल्या दिवशी फक्त कॉल उचलणे आणि संपवणे. यातच एक खाचखळगा आहे. पडदा बंद असताना कॉल आला की तो पूर्ण पडद्यावर दिसतो आणि उचलण्यासाठी बटण सरकवावे लागते. पडदा चालू असताना मात्र तोच कॉल वरच्या बाजूला एका पट्टीत येतो आणि तिथे नुसते टेकवावे लागते. एकदा शिकलेले पुढच्या खेपेला चालत नाही, असे त्यांना वाटते ते उगाच नव्हे. दोन्ही प्रकारे कॉल करून दोन्ही प्रकारे उचलायला लावावे. सरकवणे जमत नसेल तर जपमाळेचा मणी ओढतो तितक्याच हलक्या हाताने, बोट न उचलता ओढायचे असे सांगावे. हिरवा आणि लाल एवढ्या रंगांवर भिस्त ठेवू नये. पिकलेल्या मोतीबिंदूत रंग मळतात. त्यामुळे बटण कुठल्या बाजूला आहे आणि त्यावर कसले चित्र आहे, हेही सोबत सांगावे.

सरावाचा कॉल त्याच खोलीतून करू नये, कारण दोन उपकरणे जवळ आली की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून शिट्टीसारखा घुमू लागतो. अंगणात किंवा जिन्यात जावे. आणखी चांगले म्हणजे कोल्हापूरच्या मावशीला आधी सांगून ठेवावे आणि तिच्याशी सराव करावा. मावशीशी बोलायला विषय असतो. बाहेर उभ्या राहिलेल्या मुलाशी ‘दिसतंय का? दिसतंय’ यापलीकडे बोलणे जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॉल लावणे घ्यावे. व्हॉट्सॲप उघडणे, नाव टेकवणे, वर उजव्या कोपऱ्यातले कॅमेऱ्याचे चिन्ह टेकवणे, एवढ्याच पायऱ्या आहेत. काही आवृत्त्यांत आधी कॉलचे बटण येते आणि मग व्हिडिओचा पर्याय निवडावा लागतो, काहींत ‘कॉल करायचा का’ असे पुन्हा विचारले जाते. आपल्या टॅब्लेटवर काय होते ते पाहूनच शिकवावे. समोरच्याने उचलले नाही तर काय समजायचे, हेही इथेच स्पष्ट करावे. ‘मी काहीतरी चुकीचे दाबले’ ही शंका फार लवकर घर करते. रिंग पूर्ण वाजून थांबली म्हणजे आपले सर्व बरोबर होते आणि तिकडचे माणूस कामात आहे, एवढे पक्के ठसले की पुन्हा कॉल लावायची भीती राहत नाही.

नंतरच्या एका बैठकीत चुका मुद्दाम करायला लावाव्यात. हा भाग बहुतेक जण वगळतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो. चालू कॉलमध्ये माइक बंद करायला सांगावे, तिकडच्या माणसाला काही ऐकू येत नाही हे त्यांना पाहू द्यावे आणि चिन्हावरची तिरकी रेघ दाखवून ती पुन्हा घालवायला लावावी. कॅमेरा बंद करून, मग उलटा फिरवून पाहावे. काही क्षणांनी बटणे पडद्यावरून नाहीशी होतात, तेव्हा मधोमध एकदा बोट टेकवले की ती परत येतात. मुख्य पडद्याचे बटण चुकून दाबले गेले तर मुलीचे चित्र लहान होऊन कोपऱ्यात जाते आणि कॉल तुटला असे समजून माणूस पुन्हा नंबर लावू लागतो. त्या लहान चित्रावर टेकवले की सगळे पूर्ववत होते. घोटाळे स्वतः करून स्वतः निस्तरलेले असले, म्हणजे एकटे असताना हात थबकत नाही.

रोज वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. कंटाळा आला, डोळे चोळू लागले की चहा टाकावा आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात नव्या गोष्टीने न करता कालच्याच कॉलने करावी.

वही

छापील किंवा मुलाने सुबक अक्षरात लिहून दिलेल्या सूचना क्वचितच वाचल्या जातात. वही शिकणाऱ्याने स्वतः, स्वतःच्या शब्दांत आणि पेन्सिलीने लिहावी. पेन्सिल अशासाठी की ॲप अद्ययावत झाले की बटणे जागा बदलतात आणि तेवढी ओळ खोडून नवी लिहिता आली पाहिजे. आईने लिहिलेले पान साधारण असे असेल :

1. बाजूचे बटण दाबून पडदा उजळणे. बोट वर ओढणे.
2. हिरवा गोल, आत फोनचे चित्र. एकदाच टेकवणे.
3. वरून दुसरे नाव ताई. तिचा फोटो दिसला का पाहणे.
4. उजवीकडे वर कॅमेरा. टेकवून हात काढून घेणे.
5. रिंग थांबेपर्यंत थांबणे. नाही उचलला तर ती कामात आहे.
6. बोलून झाले की खाली लाल.

‘हात काढून घेणे’ ही सूचना कोणत्याही तज्ज्ञाने लिहिली नसती. पण ज्याचे बोट रेंगाळते त्याला तिची गरज असते. म्हणून भाषा त्यांचीच राहू द्यावी, दुरुस्त करू नये.

तिकडचे किती वाजले

स्वतःहून कॉल लावायचा तर तिकडची वेळ कळायला हवी, नाहीतर ‘झोपमोड होईल’ या धास्तीने हात पुढे होत नाही. टॅब्लेटवर दुसरे घड्याळ लावण्यापेक्षा भिंतीवर दुसरे साधे घड्याळ लावावे, त्याखाली ‘ताई’ असे लिहावे आणि ते न्यू जर्सीच्या वेळेवर ठेवावे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. त्यामुळे न्यू जर्सी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असताना तिकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतात. आपल्याकडे सकाळी साडेसात म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे दहा किंवा नऊ. लंडनचा फरक साडेचार आणि साडेपाच तासांचा असून तिथला बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दुबईचा फरक बारा महिने दीड तासाचाच राहतो. त्या दोन रविवारी भिंतीवरचे घड्याळ बदलण्याची आठवण करून देणे, हे काम मुलीकडे द्यावे.

घड्याळाखालीच ‘यावेळी केव्हाही’ असे दोन पट्टे लिहून ठेवावेत आणि मुलीने ते खरोखर पाळावेत. त्या वेळात आईने लावलेला कॉल पुन्हा पुन्हा कापला गेला, तर तो टॅब्लेट पुन्हा वाट पाहण्याचेच यंत्र होईल.

अनोळखी चेहरा

व्हिडिओ कॉल शिकवताना त्याच्याआडून होणारी फसवणूक सांगितलीच पाहिजे. पोलीस, सीबीआय किंवा सीमाशुल्क खात्याचा गणवेश घातलेला माणूस पडद्यावर येतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले असे सांगतो आणि कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही असे धमकावून पैसे भरायला लावतो. याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात आणि कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सविस्तर सांगितले होते. शिकवताना भीती न घालता एकच कृती पक्की करावी : अनोळखी चेहरा दिसला की लाल बटण, त्यानंतर ताईला कॉल. कॉल मध्येच तोडणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून आपल्या पिढीची सभ्य माणसे ऐकत बसतात. तेव्हा असा कॉल तोडण्याचा सरावही एकदा करून घ्यावा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असावा.

व्हॉट्सॲपच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये अनोळखी नंबरांवरून येणारे कॉल न वाजू देण्याची सोय आहे, ती चालू करावी. पडदा शेअर करण्याची सोय दुरून मदत करायला उपयोगी आहे, पण तिच्यातून ओटीपीसुद्धा समोरच्याला दिसतो. त्यासाठी घरचा नियम असा ठेवावा की, आपण स्वतः मुलीला लावलेल्या कॉलमध्येच पडदा दाखवायचा. दुसऱ्याने लावलेल्या कॉलमध्ये, तो कितीही ओळखीचा वाटला तरी, दाखवायचा नाही.

आरती, आणि नंतरची देखभाल

गणपतीच्या आरतीला चार घरे एकत्र जोडायची असतील तर व्हॉट्सॲपच्या गट कॉलमध्ये 32 जण येऊ शकतात. गूगल मीटच्या मोफत सोयीत तीन किंवा अधिक जणांचा कॉल 60 मिनिटांत आणि झूमचा 40 मिनिटांत आटोपावा लागतो. आरतीला तेवढे पुरते, अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पुरेलच असे नाही. ही सारी ॲप भोवतालचा गोंगाट गाळून माणसाचा आवाज पुढे आणतात, आणि टाळ, झांज, घंटा यांना ती गोंगाटच समजतात. म्हणून पलीकडे आरती तुटक ऐकू येते. तक्रार आली तर टॅब्लेट झांजेपासून दूर आणि गाणाऱ्यांच्या जवळ ठेवावा. गट कॉलमध्ये चेहरे लहान होतात आणि सगळे एकदम बोलतात, त्यामुळे ऐकू कमी येणाऱ्यांना तो दमवतो. एकास एक कॉल चांगला जमल्यावरच इकडे वळावे.

स्मरणशक्ती क्षीण झालेल्या माणसाकडून कॉल लावण्याची अपेक्षा ठेवणे योग्य नाही. आयपॅडवर 2023 पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ नावाचा मोजक्या, मोठ्या चित्रांचा साधा पडदा मिळतो, आणि आलेला कॉल ठराविक सेकंदांनी आपोआप उचलण्याचीही सोय असते. ही दुसरी सोय वापरायची तर टॅब्लेट झोपण्याच्या किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत ठेवू नये, आणि घरात येणाऱ्या मदतनीस बाईंनाही ती चालू असल्याचे सांगावे.

पुढे प्रत्येक भेटीत थोडा वेळ टॅब्लेटसाठी काढावा. ॲप अद्ययावत करावे, भरलेली जागा मोकळी करावी, पडदा पुसावा, चार्जरची पिन सैल झाली आहे का पाहावे, रिंग अजून वाजते ना ते दुसऱ्या खोलीतून कॉल करून तपासावे. अद्ययावत केल्यावर एखादे बटण हलले असेल तर त्याच दिवशी आईला एक कॉल लावायला सांगावे आणि वहीतली ती ओळ तिच्याकडूनच बदलून घ्यावी.